तांडेलाचा हुद्दा

मनवेलपाडा, विरार पूर्व
२ जून

लेफ्टनंट कमांडर क्षितिजा तोरसकर यांस,
जयहिंद.

आपले पत्र पोहोचले. जहाज निघण्याआधी आपण माझे फोन घेतले नाहीत, तेव्हा उत्तरही पत्रानेच देत आहे. जहाजांचं टपाल पोहोचवणाऱ्या फ्लीट मेल ऑफिसच्या नावाने बोटं मोडण्यात माझी सगळी नोकरी सरली, आता पुन्हा त्यांच्याच भरवशावर बसणं आलं.

(एवढं लिहून झालं आणि तुझी आई मागून वाचून म्हणाली, "पोटच्या पोरीला आपण? तिचे लंगोट बांधलेत तुम्ही." बांधले, आणि माझी गाठ कधी सुटली नाही. तेव्हा आता 'तू' म्हणतो. पण रागात म्हणतोय, हे ध्यानात असू दे.)

तू लिहिलंस की सप्टेंबरात जहाज मुंबईला लागेपर्यंत बाबांनी हो किंवा नाही कळवावं. बाबांच्या होकाराशिवाय लग्न करणार नाही आणि पुन्हा विचारणारही नाही. लिहिण्याची ही पद्धत मला आवडली. कुठे पाल्हाळ नाही, रडणं नाही. उत्तरही तसंच देतो. नाही.

आता कारण. सिद्धेश मेहेर हा मुलगा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये तो तुझा वरिष्ठ होता, चांगली कवायत करायचा, मला आठवतो. वडील गेल्यावर शिक्षण अर्धं टाकून कळंबला घरची बोट सांभाळली, तेही चांगलंच केलं. पण तू नौदलातली अधिकारी आहेस. तुझ्या खांद्यावर अडीच पट्ट्या आहेत. तो मासेमारीच्या बोटीवरचा तांडेल आहे, बोट हाकणारा.

मी सगळ्यात खालच्या पायरीवरून नौदलात शिरलो आणि मास्टर चीफ होऊन बाहेर पडलो. साध्या सेलरची शिडी तिथे संपते. तिच्यावर अधिकारी सुरू होतात. त्यांची बसायची-जेवायची खोली, ती वॉर्डरूम, तिच्या दाराशी मी निरोप घेऊन किती वेळा उभा राहिलो असेन त्याला गणती नाही. आत बसलो कधीच नाही. माझी पोर त्या दारातून आत गेली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. आणि आता तू नवरा निवडलास तो दाराबाहेरचा.

तुझी आई म्हणते, "म्हणजे बापासारखाच निवडला." मी तिला चहा करायला सांगितलं. तिने तो मला करायला लावला.

प्र. वि. तोरसकर
मास्टर चीफ पेटी ऑफिसर, भारतीय नौदल (निवृत्त)


मनवेलपाडा
१७ जून

लेफ्टनंट कमांडर क्षितिजा,
जयहिंद.

काल मी निर्मळला हिलरीकडे केळी आणायला गेलो होतो. हिलरी म्हणजे माझ्या मेसमधला, आठवत असेल, तुला खांद्यावर बसवून डॉकयार्ड दाखवायचा. आता बाग करतो. निर्मळवरून रस्ता पुढे कळंबला जातो, त्याला माझा इलाज नाही.

पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पदकं लावली होती. हिलरी म्हणाला, "केळी न्यायला पदकं लावून आलास? मग काजू न्यायला काय तोफ घेऊन येशील?" त्याला काही सांगितलं नाही. त्याला सगळं आधीच ठाऊक असावं. तुझी आई आणि त्याची मटिल्डा रोज फोनवर असतात.

कळंबला जायचं कारण एवढंच की नकार द्यायचा तर तो समोरासमोर द्यावा. बोटी आता पावसाळ्यापुरत्या वर ओढलेल्या आहेत. सिद्धेशची बोट एका कुशीवर कलवून ठेवली होती आणि तो खाली बसून तळाला चिकटलेले शिंपले खरवडत होता. मी घसा साफ करून म्हटलं, "मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोलूया ना काका," तो म्हणाला. "पण भरतीचं पाणी वर यायच्या आत ही बाजू संपवायचीय. आणि बोटीजवळ आमच्यात रिकाम्या हाताने कोणी थांबत नाही, तसा नेमच आहे."

असं म्हणून त्याने माझ्या हातात खरवडणी दिली.

मी ती घेतली. का घेतली ते विचारू नकोस. जहाजाशेजारी उभा राहून कोणी आवाज न चढवता काम सांगितलं की ते करायचं, हे माझ्या हातांना इतकं भिनलंय की ते मला विचारत नाहीत. पदकं काढून खिशात ठेवली आणि खाली बसलो.

थोड्या वेळाने त्याची आई आली, मथुराबाई. डोक्यावर पाटी, आवाज जहाजावरच्या बोसनच्या शिट्टीसारखा. "सिद्धू, कोन आलाय रे ह्यो? पांढरा शर्ट घालून शिंपा काढतंय?"

"क्षितिजाचे बाबा आहेत, आई."

बाई थांबल्या. पाटी खाली ठेवली, मला वरून खालपर्यंत पाहिलं. "मंग त्यांना पानी दे की. आनी ती डावी बाजू राहिलीय, ती दाव."

डावी बाजूही झाली. त्या मुलाचं काम स्वच्छ आहे, हे मी इथे नोंदवून ठेवतो. घाई नाही आणि आळसही नाही. भरती आली आणि आम्ही उठलो. नकार सांगायचा राहून गेला.

घरी आल्यावर तुझ्या आईने शर्टाकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "केळी कुठायत?" केळी हिलरीच्या ओट्यावर राहिली होती. सोसायटीच्या जिन्यात भेटलेल्या दोघातिघांना तिने ही गोष्ट सांगितलेली आहे.

नकार कायम आहे. पुढच्या खेपेला त्याला सांगेन.

प्र. वि. तोरसकर
मास्टर चीफ (निवृत्त)


मनवेलपाडा
९ जुलै

क्षितिजा,
जयहिंद.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "नकार द्यायला किती वेळा जावं लागतं, बाबा?" हे अधिकाऱ्याला शोभणारं वाक्य नाही.

मी विषयाचा अभ्यास करायचं ठरवलं. वाचनालयातून आरमाराच्या इतिहासाची दोन जाड पुस्तकं आणली. तांडेल हा केवढासा हुद्दा असतो, ते तुला पुराव्यानिशी दाखवायचं होतं. पुरावा मिळाला. मराठ्यांच्या आरमारात सगळ्यात वर सरखेल. गोऱ्यांच्या जहाजांवर आपली माणसं असायची त्यांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, त्याखाली खलाशी. सारंग कितीही हुशार असला, उभी हयात समुद्रावर घातलेली असली, तरी कालपरवा आलेला मिसरूड न फुटलेला गोरा अधिकारी त्याच्या वर. त्यांची ताटं वेगळी, झोपायची जागा वेगळी.

मी खुशीत ते पान तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, "सारंग म्हणजे आत्ताचा कोण?"

"बोसन. दोरखंड, रंग, नांगर, सगळ्या डेकवरच्या माणसांचा मुकादम."

"म्हणजे तुम्ही."

"म्हणजे साधारण मीच."

"आणि तांडेल तुमच्या खालोखालचा. एक पायरी." तिने भेंडी चिरायची थांबवली नाही. "मग मला पाहायला आलात तेव्हा माझ्या वडिलांनी कुठलं पुस्तक आणायला हवं होतं?"

पुस्तकं मुदतीआधीच परत केली.

पण क्षितिजा, थट्टा बाजूला ठेवून एक लिहितो. तुझ्या आईसमोर हे मला बोलता येत नाही. गेल्या वर्षी तुमच्या जहाजावर घरच्यांना बोलावलं होतं. तू मला आणि आईला वॉर्डरूममध्ये जेवायला नेणार होतीस. मी हात धुऊन येतो म्हणालो आणि खाली सीनियर सेलरांच्या मेसमध्ये जाऊन पुलाव खाऊन आलो. तू माझी खुर्ची धरून बसली होतीस, हे आईने मग सांगितलं. मला कोणी अडवलं नव्हतं. सगळे बिचारे बाबा बाबा करत होते. पण त्या दाराकडे माझे पाय वळेनात. पायांना कोण समजावणार.

मला भीती वाटते. त्या मुलाला तिथे कोणी उणा शब्द बोलणार नाही, मला माहीत आहे, सभ्य माणसं असतात ती. पण त्याचेही पाय वळणार नाहीत आणि तू दर समारंभाला एक रिकामी खुर्ची धरून बसशील. मला तुझ्यासाठी ते नको आहे. बाकी तांडेल, सरखेल वगैरे सगळं मी उगाच लिहितोय.

म्हणून परवा मी त्याला आडून विचारलं. (हिलरीची केळी आणायला गेलो होतो.) "समजा नौदलाच्या अधिकाऱ्यांनी तुला जेवायला बोलावलं, तर काय करशील?"

तो बोटीच्या फळीतली फट बुजवत होता. म्हणाला, "जेवेन."

मी वाट पाहिली. मग मीच म्हटलं, "अरे, तिथे काटे-चमचे असतात. कोणी कुठे बसायचं ते ठरलेलं असतं."

"मग सांगतील ना कुठे बसायचं ते," तो म्हणाला. "भूक लागलेली असली की मी कुठेही बसतो काका. तुम्ही तो ब्रश देता का?"

रात्रभर मी त्या एका शब्दाचा विचार केला. जेवेन. मला कधी सुचलं नाही ते.

उघडीप मिळाली की रंगाचा दुसरा हात द्यायचा आहे. म्हणजे त्यांना द्यायचा आहे. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, तिचं 'शीतलाई' हे नाव फार गचाळ लिहिलेलं होतं, ते मी जहाजावर लिहितात तसं सरळ अक्षरात काढून दिलं. मथुराबाई म्हणाल्या, "अक्षर बेस हाय, पन फूल नाय काढलात." मग फूलही काढलं.

प्र. वि. तोरसकर


मनवेलपाडा
१० ऑगस्ट

क्षितू,

नारळी पौर्णिमा झाली. अंग दुखतंय आणि घसा बसलाय, कारण नाचलो आणि गायलो. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. ब्रिटनीने, हिलरीच्या नातीने, मोबाइलवर घेतलंय. तुमच्या जहाजावर ते कोणी पाहिलं तर तो मी नव्हेच म्हणून सांग.

आईने हिरवी साडी नेसली होती. मथुराबाईंनी तिला हाताला धरून बायकांच्या रांगेत नेलं. त्या दोघी पहिल्यांदाच भेटत आहेत असं मला भासवलं जात होतं. पण मथुराबाईंनी तिला विचारलं, "सुनंदाताय, गुडघा काय बोलतो?" आणि मी काय समजायचं ते समजलो. मी गुपचूप कळंबला जायचो, तशीच ही गुपचूप बाजारात त्यांना भेटायची. मासळी इतकी ताजी कशी येते, याचं मला कौतुक होतं.

बोट पाण्यात होती, रंग झळकत होता, नाळेला हार, सगळीकडे पताका. पाहुण्यांना पूजेसाठी बोटीवर घेत होते. चपला किनाऱ्यावर काढायच्या. मी अनवाणी, हातात नारळ, पाण्यातून चालत गेलो, फळीवरून वर चढलो, बोटीत पाऊल टाकलं आणि माझे पाय थांबले.

तुला माहीतच आहे. जहाजावर पाऊल ठेवलं की आधी मागच्या डेककडे तोंड करून मानवंदना. तुझा बाप ही गोष्ट आयुष्यभर न चुकता करत आला. डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून हात वर गेला नाही, तेवढं भान राहिलं. पण मागच्या बाजूला तोंड करून मी सावधान उभा राहिलो, नारळ मांडीला चिकटवून. मागे फळीवर रांग अडकली. कोणाच्या तरी ताटातली हळद माझ्या पाठीवर सांडली. मथुराबाई ओरडल्या, "अवो सायेब, पूजा होडीची हाय, तुमी का देवावानी उभे?"

आणि समोर सुकाणूपाशी सिद्धेश होता. पांढरा सदरा, कपाळाला गंध. तो हसला नाही. गेल्या दोन महिन्यांत मी त्याला काका काका करताना ऐकलं होतं, आता तो गप्प उभा राहून माझ्याकडे पाहत होता, जहाजाचा प्रमुख पाहतो तसा. आणि माझ्या तोंडून गेलं, "वर येण्याची परवानगी आहे का, कॅप्टन?"

एवढं मोठ्याने गेलं की हिलरीने किनाऱ्यावरून शिट्टी वाजवली.

सिद्धेश म्हणाला, "या, बाबा."

बस, एवढंच म्हणाला. मला पुढचं थोडा वेळ नीट दिसलं नाही. नारळ मी फोडला की दुसऱ्या कोणी, ते आईला विचार.

परत येताना स्कूटरवर मागे बसून तुझी आई माझ्या कानात म्हणाली, "लहानपणी पोरीला तुम्हीच सांगायचात ना? जहाज लहान असो की मोठं, त्याच्यावर ज्याचा हुकूम चालतो तो कॅप्टन. मग खांद्यावर त्याच्या एक पट्टी असो की चार."

खरं आहे. नौदलात तसंच म्हणतात. लहानशा बोटीचा ताबा असलेला लेफ्टनंटसुद्धा आपल्या बोटीवर कॅप्टनच, आणि त्याच्या बोटीवर मोठा साहेब आला तरी तो पाहुणा. हा नियम मी कितीतरी पोरांकडून घोकून घेतला. फक्त नियमात बोटीवर तोफ असावी लागते की जाळं चालतं, ते कुठे लिहिलेलं नाही. मी आठवून पाहिलं. कुठेच नाही.

अजून हो लिहिलेलं नाही. घाई करू नकोस. मला अजून एक गोष्ट पाहायची आहे.

तुझा बाबा
(मास्टर चीफ वगैरे)


मनवेलपाडा
७ सप्टेंबर

क्षितू बाळा,

हे पत्र तुला बहुतेक धक्क्यावरच मिळेल. मिळालं की आधी शेवट वाचू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.

गणपतीला सिद्धेशचा एक खलाशी देवगडला गेला, तो तिकडेच रमला. माणूस कमी पडत होता. मी सहज म्हटलं, मी येतो. सिद्धेश म्हणाला, "बाबा, जागा खलाशाची आहे. मास्टर चीफची नाही." मी म्हटलं, "शिकेन." आईने माझ्या पिशवीत मफलर, गोळ्या आणि आल्याची वडी भरली. मी युद्धनौकेवरून अर्धं जग पाहिलंय, तिने तेव्हा कधी आल्याची वडी भरली नव्हती.

तर मी जाळं ओढलं. बोंबलांचा ढीग निवडला. चुकीचा दोर सोडला म्हणून बोलणीही खाल्ली, सगळ्यांदेखत. "बाबा, तो नाही, पलीकडचा," एवढंच, पण बोलणीच ती. कान गरम झाले. नोकरीत पहिल्या वर्षी होत तसे. आणि तुला सांगतो, मला इतकं बरं वाटलं की मी ते लपवायला दर्याकडे तोंड केलं.

मला पाहायची होती ती गोष्ट जेवणाची. दुपारी एकाने भात शिजवला, बोंबलाचं कालवण केलं, आणि पातेलं मधे ठेवून सगळे भोवती बसले. मी सवयीने बाजूला सरकलो. माझी जागा कुठे, वरच्यांची कुठे, ते बघत उभा राहिलो. तिथे काही नव्हतंच बघायला. एक पातेलं, एक गोल. सिद्धेशने सुकाणू एका पोराकडे दिलं, आधी सगळ्यांना वाढलं आणि शेवटी आपलं ताट घेऊन आला. त्याने कुठे जागा आहे ते पाहिलं आणि माझ्या बाजूला बसला, मांडीला मांडी लावून. म्हणाला, "काटा जपा बाबा, बोंबलाला नसतो म्हणतात पण असतो."

मी आजवर माझ्या जहाजाच्या कॅप्टनच्या बाजूला बसून जेवलो नव्हतो. बाळा, मी तीनदा भात घेतला.

आता उत्तर. हो. अगदी मनापासून हो. तुला आधीच कळलं असेल, तुझ्या आईला तर मी पहिल्यांदा केळी विसरून आलो तेव्हाच कळलं होतं, ती तसं सगळ्यांना सांगत फिरते आहे. मथुराबाईंनी तारखा काढायला घेतल्या आहेत. लग्न कळंबला, किनाऱ्यावर. जेवणावळ हिलरी आणि मटिल्डाच्या देखरेखीखाली.

आता कामाचं. तुमच्या कमांडिंग ऑफिसरांकडून परवानगी घेऊन ठेव. जहाज लागलं की मी, आई, सिद्धेश आणि मथुराबाई असे आम्ही चौघं तुला भेटायला येतोय आणि वॉर्डरूममध्ये जेवणार आहोत. पाच खुर्च्या सांग. या वेळी मी हात धुवायला म्हणून कुठे जाणार नाही. त्या दाराचं मी खूप मनाला लावून घेतलं होतं, पण परवा बोटीवर माझ्या लक्षात आलं की खलाशी एकटा असला तर दाराशी थबकतो. आपल्या कॅप्टनच्या मागून चालायचं असेल तर तो कुठेही जातो, ते त्याचं कामच आहे. तेव्हा सिद्धेश पुढे असेल आणि मी त्याच्या मागे.

तुझ्या साहेबांशी ओळख तू करून देऊ नकोस, ती मी करून देणार आहे. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलंय, आई दारात उभी राहून हसत होती तरी चुकलो नाही. मी म्हणणार आहे, साहेब, हे कळंबच्या शीतलाईचे कॅप्टन, आमचे जावई. आणि मी यांचा खलाशी.

तुझा बाबा